खोलदरीची लाल ज्योत

शनिवारी सकाळी नऊलाच खोलदरीच्या मारुतीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. देऊळघाटाहून जीप भरभरून माणसं आली होती. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि गाभाऱ्याच्या दाराशी दोन्ही रांगा एकमेकींत घुसून भांडत होत्या. आत अंधार. शेंदरानं माखलेल्या मूर्तीच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, एक लाल ठिपका पेटलेला होता. वात नाही, तेल नाही, धूर नाही. हात जवळ नेला तर ऊबही लागत नाही. माणसं बघायची, गप्प व्हायची आणि आपोआप हात जोडायची.

मूर्तीच्या बाजूला व्याघ्रचर्माची छपाई असलेल्या घोंगडीवर तेजोमणी महाराज बसले होते. हिमालयात बारा वर्षं काढून आले म्हणे. पण बोलायचे अस्सल आपल्याकडचं.

"हे ज्योत नोहे माय, हे रुद्रनेत्र आहे. मारुती म्हणजे रुद्राचा अवतार. त्याचा तिसरा डोळा कलियुगात पहिल्यांदा उघडला, तो खोलदरीत. डोळ्याले डोळा लाव. पापणी हालवू नको. एकवीस वेळा नाव घे. आतली सूर्यनाडी चार्ज होते, मोतीबिंदू ईरघळून जाते. सायन्सवाले याले फ्रिक्वेन्सी म्हणतात, आपण कृपा म्हणतो."

मग म्हाताऱ्या पाटावर चढायच्या, मूर्तीच्या खांद्याला धरायच्या आणि त्या ठिपक्याला डोळा चिकटवून एकवीसपर्यंत मोजायच्या. पाणी गळायला लागलं की महाराज म्हणायचे, "पाहा, डोळ्यातला मळ निघून राह्यला."

मी मागे, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून उभा होतो. एवढ्या गर्दीत तो ठिपका काय आहे हे महाराज, त्यांचा चेला दयाराम आणि सरपंच सोडून फक्त मलाच माहीत होतं. कारण तो दिवा माझा होता. मीच तो तिथे लावला होता. ही गोष्ट मी एखाद्या भोंदूला उघडं पाडल्याची म्हणून सांगितली असती तर मला बरं वाटलं असतं. तशी ती घडलेली नाही.

माझं नाव भागवत. गाव देऊळगाव राजा. एका कंत्राटदाराकडे मी मोबाईलच्या यंत्रांचं काम करतो. खोलदरी नावासारखीच आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये खोल गाव. रेंज यायची नाही. बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची तर माणसाला टेकडीवर पळत जावं लागायचं. म्हणून टेकडीवर अँटेना उभा केला. तिथे येणारा रेडिओ सिग्नल वरच्या डब्यात प्रकाशात बदलतो. तो प्रकाश केसाएवढ्या काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, दीड किलोमीटर खाली येतो. गावातला दुसरा डबा त्याचा पुन्हा रेडिओ सिग्नल करतो आणि गावभरचे फोन वाजतात. गावातला डबा लावायला वीज कायम असलेली एकच भिंत सापडली, ती देवळाच्या सभामंडपाची.

त्या तारेतून धावणारा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. म्हणून आमचे नियम कडक. तारेच्या उघड्या टोकात डोळा घालायचा नाही. जोडणी सोडली की लगेच टोपी लावायची. आधी यंत्र बंद, मग तारेला हात. कापलेले काचेचे तुकडे बाटलीत गोळा करायचे, पायात गेले तर सापडत नाहीत. हे सगळे नियम मी पाळले. डब्यावर पिवळा त्रिकोणी स्टिकरही लावला. त्यावर किरणं फुटणाऱ्या सूर्यासारखं चित्र आणि खाली धोक्याची सूचना. सूचना इंग्रजीत होती. कंपनीनं दिली तशी चिकटवली आणि काम संपलं असं मी मानलं.

चालू करायच्या दिवशी सरपंच उकंडराव आडवे आले.

"भागवतभाऊ, यंत्राची पूजा झाल्याबिगर बटन नाही दाबायचं. ट्रॅक्टर आणला तरी आम्ही नारळ फोडतो. हे त गावाचं यंत्र."

"पूजा करा, पण झाकण लावल्यावर," मी म्हणालो. "आत कुंकवाचा कण गेला तरी सिग्नल मरतो."

त्यांनी मानलं. डब्याला हळद-कुंकू लागलं, हार पडला. शालूबाईंनी ओवाळलं. त्या देवळामागच्या घरात राहायच्या, गोधड्या शिवायच्या. काम चाललं ते सोळा दिवस मी त्यांच्याच ओसरीवर जेवलो. ओवाळताना त्यांनी पिवळ्या त्रिकोणालाही बोट लावलं आणि विचारलं, "हे सूर्ययंत्र आहे काय, भाऊ?" सगळे हसले. मीही हसलो. तो काय आहे हे मी सांगितलं नाही.

मग उकंडराव म्हणाले, "आता काहीतरी दाखवा की. डबा त मुकाच आहे."

तार कुठे तुटली हे शोधायला आमच्याकडे लाल लेझरचा पेन असतो. एका टोकाला लावला की लाल प्रकाश तारेतून धावतो आणि तुटल्या जागी बाहेर सांडतो. माझ्याकडे दहा-बारा हात जास्तीची तार होती. पेन देवळाच्या वीजमीटरच्या कपाटात ठेवला, तार भिंतीवरून मूर्तीच्या मागून नेली आणि तिचं टोक शेंदरात दाबून कपाळाशी काढलं. आरतीला कपाट उघडून बटण दाबलं.

सगळं देऊळ एकदम शांत झालं. मग टाळ्या. मी म्हणालो, "तारेतली लाईट आहे, बरं का." कोणी ऐकलं असेल, कोणी नसेल. ती शांतता मला फार आवडली हे खरं. आयुष्यात माझ्या कामाकडे कोणी असं बघितलं नव्हतं. उकंडराव म्हणाले, "राहू द्या हनुमान जयंतीपर्यंत." मी राहू दिला. उघड्या टोकात डोळा घालू नका, हे मी भाकरी खाऊन, पान खाऊन, हात हलवून निघून गेलो तरी कोणाला सांगितलं नाही. नियम यंत्राच्या आतल्या तारेचे होते. कपाळावरची तार म्हणजे शोभा, असं मी स्वतःला समजावलं.

पंधरा दिवसांत तेजोमणी महाराज आले. कपाटाची किल्ली दयारामकडे गेली. कपाळावरच्या टोकावर महाराजांनी एक काचेचा मणी बसवला, त्याला ते स्फटिक म्हणत. पसरणारा प्रकाश त्या मण्यानं एकवटला आणि सरळ डोळ्यात जाऊ लागला. महाराज अधूनमधून समाधीत जायचे तेव्हा ज्योत बंद असायची. समाधी बरोबर पेनातले सेल संपल्यावर लागायची आणि दयाराम दुकानातून परत आला की उतरायची. पिवळ्या त्रिकोणावर कुंकवाचा एवढा थर बसला की खालचं चित्र दिसेना. त्याचीही आता सूर्ययंत्र म्हणून पूजा होती.

हे मला कळलं ते तक्रार आली म्हणून गेलो तेव्हा. बोलताना फोन कटत होते. डबा उघडला तर जोडणीत कुंकू. मी ती पुसली, टोपी बदलली, झाकणाला नवीन कुलूप घातलं. यंत्राला काही होऊ नये म्हणून एवढं सगळं केलं. मग कंत्राटदाराला फोन करून म्हणालो, "साहेब, इथं माझ्या पेनावर बुवाबाजी चालली आहे."

ते म्हणाले, "डबा देवळाच्या भिंतीवर आहे. उद्या गावानं उखडून फेकला तर तू बसवणार का दुसरीकडे? पेन हरवला म्हणून लिही आणि ये."

मी लिहिलं. निघताना शालूबाईंनी हाक मारली. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि बुलडाण्याला ऑपरेशनची तारीख मिळाली होती.

"भाऊ, महाराज म्हणून राह्यले चाकू लावू नको. दोन्ही डोळे रुद्रनेत्राले लाव. तू लाईटीचा माणूस आहेस. खरं सांग. त्यानं डोळ्याले काही होत त नाही ना?"

ओसरीवर उकंडरावांचा भाऊ बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. हातात चहाचा कप होता.

"काय होते," मी म्हणालो. "लाईटच त आहे ती."

तो चहा मी पूर्ण प्यायलो. नंतर कितीतरी वेळा वाटलं, निदान तो तरी खाली ठेवून उठायला हवं होतं.

दोन महिन्यांनी एका अनोळखी बाईचा फोन आला. "मी समता बोलते. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासते. खोलदरीला यंत्र तुम्ही बसवलं का?"

"हो."

"माझ्याकडे खोलदरीची तीन माणसं आली. तिघांनाही बघतात त्याच्या मधोमध काळा डाग दिसतो. समोरच्याचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर भाजल्यासारखी खूण आहे. वेल्डिंगवाल्यांना होतं तसं, पण यांच्यात वेल्डिंगवाला कोणी नाही. त्यातल्या एक शालूबाई आहेत. त्यांचा चांगला डोळा होता ना, डावा, तो गेला आहे. मी म्हटलं, देवळातल्या असल्या लाईटकडे बघायचं कशाला. तर म्हणाल्या, भागवतभाऊले इचारूनच पाह्यलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्या घरी नेट जोडायला आला होता त्या माणसाकडे मी एक लाल लाईटचा पेन बघितला होता," ती म्हणाली. "तसाच आहे का तो?"

"बघून सांगतो," असं म्हणून मी फोन ठेवला. तिला 'हो' म्हणायला एक अक्षर पुरलं असतं.

तर तो शनिवार. समताताईनं पुन्हा फोन करून येणार असल्याचं सांगितलं होतं, म्हणून मी गेलो. काय करणार हे मी ठरवलं नव्हतं. ती एकटीच आली. साध्या सलवार-कमीजमध्ये, गळ्यात रुग्णालयाचं ओळखपत्र. रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर पाटावर चढली नाही, मूर्तीच्या मागे गेली.

"बाई, मागं कुठं चालल्या?" दयाराम धावला.

"देवाची पाठ बघते. डोळा पुढं आहे, तर त्याची नस मागं असेल ना?"

काही जण हसले. झेंडूच्या माळेखाली तिला तार सापडली. लिहायची पेन्सिल तिनं पर्समधून काढली आणि तार त्या पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळली, चार-पाच वेढे. कपाळावरचा ठिपका मंद झाला, जवळजवळ विझला. आणि ते वेढे लाल उजळले. तिनं पेन्सिल वर धरली.

"आता रुद्रनेत्र कुठं आहे? पेन्सिलीत?" तिनं विचारलं. "काचेची तार आहे ही. जास्त वाकवली की प्रकाश वळणावरच बाहेर पडतो. वेढे सोडते, परत कपाळावर जाईल."

तिनं सोडले. तसंच झालं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, "मंग ते आपण इतले दिवस कशाले डोळा लावून राह्यलो?"

महाराज मात्र मुरलेला गडी होता. तो उठला आणि थेट माझ्याकडे बोट केलं.

"या बाईले देवाचं वावडं आहे. पण हा कंपनीचा माणूस खोटं बोलणार नाही. इचारा याले. तार याच्या डब्याची आहे. सांग बे इंजिनिअर, तुह्या डब्यातली लाईट लाल असते काय? डोळ्याले दिसते काय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. उकंडराव बघत होते. डब्यातला प्रकाश दिसत नाही हे खरंच होतं.

"नाही," मी म्हणालो. "डब्यातली लाईट दिसत नाही."

"ऐकलं? मंग लाल ज्योत देवाचीच!" महाराज ओरडला, आणि सभामंडपात मारुतीच्या नावाचा एकच गजर झाला. समतानं पेन्सिल खाली केली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोललो नव्हतो. एक खरं वाक्य मी नेमकं त्या माणसाच्या हातात दिलं होतं, आणि त्याला तेच हवं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात खांबाशी बसलेल्या शालूबाई उठल्या. आवाज माझाच आहे का हे त्या बघत होत्या. माझ्याकडे सरळ बघून त्यांना दिसेना, म्हणून त्यांनी मान एका बाजूला वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला शोधलं. एकदा डावीकडे मान, एकदा उजवीकडे.

"भागवतभाऊ आला काय?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली. मीटरच्या कपाटाचं कुलूप पक्कडीनं तोडलं. दयारामनं हात धरला तो झटकला. आतून भगव्या फडक्यात गुंडाळलेला पेन काढला, तारेपासून ओढून वेगळा केला आणि कपाळावरची ज्योत विझली. पेनचं तोंड मी जमिनीकडे धरलं. फरशीवर लाल ठिपका पडला.

"हा पेन माझा आहे," मी म्हणालो. "यावर माझ्या कंपनीचा नंबर आहे. पूजेच्या दिवशी मीच लावला. तुम्ही टाळ्या वाजवल्या ते मला आवडलं म्हणून ठेवून गेलो. महाराजानं फक्त मणी लावला. ही तार तुटली का बघायची लाईट आहे, डोळ्यात घालायची नाही. पुढे मणी लावला की ती डोळ्याचा पडदा भाजते. दुखत नाही म्हणून कळत नाही. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शालूबाईंनी विचारलं तेव्हाही माहीत होतं."

मग डब्याकडे जाऊन फडक्यानं त्रिकोणावरचं कुंकू पुसलं. "हे सूर्ययंत्र नाही. यात लिहिलं आहे की न दिसणारी किरणं आहेत, डोळा घालू नका. हे मी मराठीत सांगायला हवं होतं."

महाराजानं घोंगडी गुंडाळायला सुरुवात केली होती. समताताईनं आधीच ठाण्यात कळवलं होतं. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात आहे आणि तो पुस्तकात ठेवण्यासाठी केलेला नाही. पोलीस येईपर्यंत गावानंच महाराजाला आणि दयारामला पारावर बसवून ठेवलं. बारा वर्षांच्या हिमालयाचा पत्ता विचारला तेव्हा ते शेजारच्या तालुक्यातलं एक गाव निघालं.

माझ्यावरही लोक आले. ते बरोबरच होतं. उकंडराव म्हणाले, "तुह्यामुळं गावाची इज्जत गेली बे." मग थांबून, खालच्या आवाजात म्हणाले, "हनुमान जयंतीपर्यंत राहू दे, हे मीच म्हणालो होतो." मी पोलिसांना सगळं लिहून दिलं. पेन हरवला म्हणून जे खोटं लिहिलं होतं तेही.

शालूबाईंना समताताईनं ओसरीवर बसवून सांगितलं की मोतीबिंदूच्या आडोशानं उजवा डोळा वाचला आहे, त्याचं ऑपरेशन अजून होऊ शकतं, त्यानं बऱ्यापैकी दिसेल. डाव्यातला डाग बहुतेक राहील. शालूबाईंनी ऐकून घेतलं. समोर अर्धी गोधडी पडली होती, सुई कापडात तशीच अडकवलेली. मी त्यांच्या पायाशी बसलो. शेवटी म्हणालो, "माय, चुकलो. त्या महाराजानं..."

"महाराजाचं नाव नको घेऊ," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तो त लबाडच होता, मले बी शंका होती. म्हणून त मी त्याले नाही इचारलं. मी तुले इचारलं होतं."

लोक विचारत नाहीत, डोळे मिटून विश्वास ठेवतात, अशी तक्रार आम्ही शिकलेली माणसं फार करतो. खोलदरीत एका बाईनं विचारलं होतं. योग्य माणसाला, योग्य वेळी, स्पष्ट शब्दांत विचारलं होतं. म्हणून माझं मागणं दोन बाजूंनी आहे. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी त्याच्या मागे जाऊन बघा, आणि जाणत्या माणसाला विचारा. आणि तुम्ही जाणते असाल आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर गाव काय म्हणेल, साहेब काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. जे माहीत आहे ते तिथल्या तिथे, समोरच्याला कळेल अशा भाषेत सांगा. मी सांगितलं नाही, म्हणून शालूबाईंच्या डाव्या डोळ्याला आता माझा चेहरा दिसत नाही.